सूत्र एक, पदार्थ दोन

प्रश्न : एकट्या कार्बनसाठी रसायनशास्त्राची वेगळी शाखा (सेंद्रिय रसायनशास्त्र) कशाला? आणि इतक्या अभिक्रिया पाठ कशा करायच्या?

उत्तर : कार्बनचे अणू एकमेकांना धरून साखळ्या, फांद्या, वलयं करतात आणि ती टिकतात. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४६ किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-सिलिकॉनला सुमारे २२२. संयुजा, म्हणजे एक अणू किती बंध करतो ती संख्या, दोघांचीही चारच, पण सिलिकॉनच्या साखळ्या तग धरत नाहीत. औषधं, प्लास्टिक, इंधनं, प्रथिनं, डीएनए हे सगळं कार्बनच्या सांगाड्यावर उभं आहे.

खरी गोम रचनेत आहे. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन घ्या. ऑक्सिजन टोकाला हायड्रोजन धरून बसला तर इथेनॉल, दोन कार्बनच्या मधे बसला तर डायमिथाइल ईथर. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, ईथर उणे २४ अंशांना, कारण हायड्रोजन बंधांनी (एका रेणूच्या हायड्रोजनची दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे असलेली ओढ) एकमेकांना धरून ठेवणं इथेनॉलच्या रेणूंनाच जमतं.

म्हणून पाठांतराच्या मागे लागू नका. रेणू कागदावर काढा, प्रत्येक कार्बनचे चार बंध मोजा, क्रियात्मक गट (रेणूची अभिक्रिया ज्यावर ठरते तो अणूंचा गट) ओळखा. मग इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत नि कुठे कमी, ते पाहा. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा बाण नेहमी जास्तीकडून कमीकडे काढायचा. तो उलटा काढला की पुढचं सगळं बिघडतं, आणि ही चूक फार जण करतात.

प्रश्न : प्रयोगशाळेत ॲस्पिरिन बनवलं, पण फेरिक क्लोराइड टाकताच जांभळा रंग आला. काय चुकलं?

उत्तर : ॲस्पिरिन ज्यापासून बनतं ते सॅलिसिलिक आम्ल उरलं आहे. त्याच्या वलयावरचा मोकळा हायड्रॉक्सिल गट हा रंग देतो. ॲस्पिरिनमध्ये तो ॲसिटिल गटाने झाकलेला असतो. २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्लाला हा ॲसिटिल गट देणारं ॲसेटिक ॲनहायड्राइड ५ मिलिलिटर घेतलं असेल, तर ते गरजेच्या तिप्पटीहून जास्त आहे. तेव्हा चंबू किंचित दमट असल्याने फारसं बिघडत नाही. ओला असेल तर मात्र ॲनहायड्राइड पाण्यातच खर्ची पडतं. सल्फ्युरिक आम्लाचे चार-पाच थेंब घातले होते ना? ५० ते ६० अंशांवर १५ मिनिटं तापवलं होतं ना? तेही ठीक असेल, तर स्फटिक शुद्ध करताना पाण्यात बराच वेळ उकळले असणार. त्याने एस्टर, म्हणजे ॲसिटिल गट धरून ठेवणारा जोड, तुटतो. स्फटिक थोड्या कोमट इथेनॉलमध्ये विरघळवा, कोमट पाणी घाला, बर्फात थंड करा, गाळून वाळवा आणि चाचणी पुन्हा घ्या. ॲनहायड्राइड धुराड्याखालीच (वाफ ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये) हाताळा. त्याची वाफ डोळ्यांना फार झोंबते.