क्षणभराच्या मंजुरीला मानवी नियंत्रण म्हणावे काय?

प्रश्न : माझा भाचा महूच्या छावणीत प्रशिक्षण घेत आहे. लक्ष्य संगणकाने सुचवले तरी मारा करण्याचा हुकूम माणूसच देतो, तेव्हा काळजीचे कारण नाही, असे तो म्हणतो. हे खरे आहे काय? याविषयी काही कायदा आहे काय?
– एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. हुकूम देणाऱ्याला शंका घेण्यास किती अवधी मिळतो, यावर सारे अवलंबून असते. मार्च २००३ मध्ये, इराक युद्धात, अमेरिकेच्या पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने कुवेतकडे परतणारे ब्रिटिश टॉर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र असल्याचे दाखवले. तुकडीपाशी निर्णयाला जेमतेम एक मिनिट होते, तिने यंत्रावर विश्वास ठेवला आणि विमानातील दोघेही मारले गेले. ती यंत्रणा निदान ठरावीक नियमांनी चालणारी होती. आजच्या प्रणाली असंख्य नमुन्यांवरून स्वतः शिकतात, त्यामुळे एखाद्या ट्रॅक्टरला त्यांनी रणगाडा का मानले, हे त्या घडवणाऱ्यांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. महूच्याच लष्करी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालयात सैन्याने कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्र उभारले आहे. यंत्राला नकार कधी द्यावा, हेही जवानांना तितक्याच कसोशीने शिकवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कायद्याचे म्हणाल, तर अशा शस्त्रांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार अद्याप नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने लष्करी वापर वगळला आहे. अशा शस्त्रांवर जिनिव्हात २०१७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या बैठका होत आहेत, आणि पहिली दोन वर्षे त्यांचे अध्यक्षपद भारताच्या अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होते. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरील ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधी मतांत भारताचे एक होते, कारण चर्चा जिनिव्हातच व्हावी अशी आपली भूमिका आहे. ही भूमिका मला पटत नाही. जिनिव्हात एकमताशिवाय काहीच ठरत नसल्याने एखादा देशही सारे अडवू शकतो.

मात्र करार होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलातील ३६ वे कलम प्रत्येक नव्या शस्त्राची कायदेशीर तपासणी बंधनकारक करते. भारत त्याचा पक्षकार नाही. तरीही अशी तपासणी, आणि तीत अधिकाऱ्याला मिळणाऱ्या अवधीची चाचणी, आपण स्वतःहून सक्तीची करू शकतो.