संकेतस्थळ घरी करावे की करून घ्यावे?

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ आमचा घरगुती उद्योग आहे. आगळ, आमसुले, फणसपोळी आणि काजूगर आम्ही दोघी जावा मिळून तयार करतो व विकतो. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइके आता संकेतस्थळाचा पत्ता विचारू लागली आहेत. एका डिझायनरने ४५,००० रुपये आणि दरवर्षी देखभालीचे १२,००० रुपये सांगितले आहेत. कॉलेजात शिकणारा पुतण्या म्हणतो की, मी फुकट करून देतो. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी, ता. वेंगुर्ला

उत्तर : ताई, पहिले संकेतस्थळ तुम्ही घरीच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला सांगितलेली रक्कम अवाजवी आहे, असे मी म्हणत नाही. मन लावून केलेल्या कामाला तेवढे पैसे पडतात. परंतु संकेतस्थळाचा खरा ऐवज म्हणजे त्यातील मजकूर आणि छायाचित्रे, आणि ती तो डिझायनर शेवटी तुमच्याकडेच मागणार आहे.

आगळाचेच पाहा. आगळ म्हणजे रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) मीठ घातलेला रस, सोलकढीसाठीचा; आणि अमृत कोकम म्हणजे साखर घालून केलेले, सरबतासाठीचे. हा फरक तुमच्या गावात कोणी कोणाला समजावत नाही, पण शहरातला माणूस बाटलीचा लालभडक रंग पाहून आगळ मागवतो, पेलाभर गार पाण्यात ओततो आणि पहिल्याच घोटाला, माल खराब निघाला, म्हणून फोन करतो. हे दोन ओळींत कसे सांगायचे, ते असे फोन घेतलेल्या बाईलाच नेमके ठाऊक असते. आमसुलांसाठी रातांब्याच्या सालींना रसाचे पूट देऊन त्या पुन्हा पुन्हा उन्हात कशा वाळवता, हेही तुम्हीच लिहा, आणि छायाचित्र काढताना बाटली सकाळच्या उन्हात पडवीच्या कठड्यावर ठेवा, म्हणजे रसाचा रंग आरपार दिसेल. मोबाइलवर काढलेले छायाचित्र अनेकदा ४-५ एमबीचे असते. ते २००-३०० केबीपर्यंत लहान करून मगच चढवावे, कारण पान उघडायला वेळ लागला की गिऱ्हाईक थांबत नाही.

सुरुवातीला चार पाने पुरेत : तुमची ओळख, वस्तू आणि भाव, मागणी कशी नोंदवावी, आणि संपर्क. अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक ठळक द्यावा. पैसे यूपीआयने आणि मागणी व्हॉट्सॲपवर घेता येते, त्यामुळे खरेदीची टोपली आणि पेमेंट गेटवे (संकेतस्थळावरच पैसे भरून घेण्याची सोय) यांची आज गरज नाही. तयार साचे देणाऱ्या सेवेवर हे काम काही दिवसांत होते. मात्र तिथे वर्गणी थांबली की पाने बंद होतात आणि ती जशीच्या तशी दुसरीकडे हलवता येत नाहीत. वर्डप्रेस ही संकेतस्थळ उभारण्याची प्रणाली मोफत आहे आणि त्यावरची पाने हलवता येतात, पण होस्टिंगचे, म्हणजे पाने इंटरनेटवर ठेवण्याच्या जागेचे, पैसे लागतात आणि अद्ययावत करण्याचे काम नियमित करावे लागते. पुतण्या ते करणार असेल तर जरूर करू द्या, पण त्याने तुमच्यापैकी एकीला शेजारी बसवून भाव बदलायला शिकवले पाहिजे. तो उद्या नोकरीसाठी बाहेर पडेल, आणि काजूचा भाव तर दर हंगामाला बदलतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर इतके लांबवले, ती सांगतो. काम कोणीही करो, डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, तुमच्याच नावावर, तुमच्याच ई-मेलवर आणि तुमच्याच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले असले पाहिजे. दापोली तालुक्यात माझ्या भावाचे पर्यटकांसाठीचे चार खोल्यांचे निवासस्थान आहे. त्याचे डोमेन काम करणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले होते. पुढे त्या गृहस्थाचा फोन लागेना, डोमेनची मुदत संपत आल्याची, नूतनीकरणाची सूचना त्याच्याच ई-मेलवर जात राहिली, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर संकेतस्थळ बंद पडले. ते नाव परत मिळाले नाही. रस्त्यावरच्या फलकावर जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याची पट्टी चिकटवताना मी स्वतः शिडी धरून उभा होतो, आणि ती पट्टी आजही नजरेला खुपते. म्हणून डोमेनचे पैसे स्वतः भरा, पावती जपून ठेवा आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा.

डिझायनरची गरज पुढे लागेल. रोजच्या मागण्या व्हॉट्सॲपवर सांभाळता येईनाशा झाल्या, साठ्याचा हिशेब आणि कुरिअरचा खर्च आपोआप जुळायला हवा असे वाटू लागले, की ते काम जाणकारालाच द्यावे. तेव्हा वार्षिक १२,००० रुपयांत नेमके काय येते, हे लेखी घ्यावे.

भाषेबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. मजकूर मराठीत असावाच, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइल-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टंकलेला. छापील पत्रकाचे चित्र चिकटवले तर शोध घेणाऱ्याला त्यातले शब्द सहसा सापडत नाहीत. वस्तूंची नावे रोमन लिपीतही द्या, कारण पुष्कळ मराठी माणसेसुद्धा तशीच शोधतात.

एप्रिल-मेमध्ये रातांब्यांतून तुम्हाला मान वर करायला फुरसत मिळणार नाही, म्हणून हे काम पावसाळ्यात हाती घ्या. नागपंचमीपर्यंत चार पाने उभी राहिली, तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत बाटलीबरोबर संकेतस्थळाच्या पत्त्याची चिठ्ठीही घालता येईल.