‘देव परीक्षा पाहतो’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

प्रश्न : माझी धाकटी बहीण गेल्या वर्षी आजारपणात गेली. वय ३४. भेटायला येणारे म्हणतात, ‘देव आवडत्या माणसांचीच परीक्षा पाहतो.’ मला ते ऐकवत नाही. यहुदी आणि ख्रिस्ती धर्मांत दुःखाचं उत्तर खरंच एवढंच आहे का?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी कबुली देतो. तरुणपणी एका मित्राला त्याच्या मुलाच्या मृत्यूनंतर मीही हेच वाक्य ऐकवलं होतं. तो उठून आत निघून गेला. बायबलमधलं, यहुदी आणि ख्रिस्ती दोघंही मानतात ते ईयोबाचं पुस्तक मी नीट वाचलं ते त्यानंतर.

ईयोब हा सज्जन, देवभीरू माणूस. त्याची दहा मुलं, गुरंढोरं, तब्येत, सगळं जातं. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. त्यांनी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. मग ते बोलू लागतात : तुझंच काहीतरी चुकलं असणार! ईयोब ऐकत नाही, थेट देवाशीच भांडतो. आणि ४२व्या अध्यायात देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं त्यांना सुनावतो. शोकात असलेला माणूस स्वतः बोलेपर्यंत भेटायला आलेल्याने गप्प राहावं, हा यहुद्यांचा रिवाज याच गोष्टीवरून आला.

(शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात. हा शेवट मला आजही पटत नाही. गुरं भरून निघतात, मुलं कशी निघतील?)

ख्रिस्ती बायबलच्या नव्या करारातही एका जन्मांध माणसाला पाहून येशूचे शिष्य विचारतात, पाप कोणाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, याच्या आईबापाचंही नाही. आणि वधस्तंभावर तो स्वतः बायबलमधल्या २२व्या स्तोत्रातला प्रश्न विचारतो : माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

पण तुमच्यासाठी मी तालमुदातली, म्हणजे यहुद्यांच्या प्राचीन धर्मग्रंथातली, गोष्ट निवडेन. रब्बी (यहुदी धर्मगुरू) योहानान आजाऱ्यांना हात देऊन उठवत. त्यांनी स्वतः दहा मुलगे गमावले होते. ते आजारी पडले तेव्हा रब्बी हनिना आले आणि विचारलं, ‘ही दुःखं तुम्हाला प्रिय आहेत का?’ योहानान म्हणाले, ‘ती नकोत आणि त्यांचं फळही नको.’ हनिनांनी एवढंच म्हटलं, ‘हात द्या,’ आणि त्यांना उठवलं. इतरांना उठवणारा स्वतः का उठू शकला नाही? तालमूद सांगतो : कैदी स्वतःची सुटका करू शकत नाही.

परीक्षेचं बोलणारं पुन्हा कोणी आलं, तर योहानानांचं उत्तर खुशाल ऐकवा. तेही धर्मग्रंथातलंच आहे.