आधी चाल, मग रंग

नोव्हेंबर उजाडला की चिखलपक्ष्यांचे, म्हणजे पाण्याकाठच्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे, प्रश्न यायला लागतात. सोबत फोटो असतो. फोटोत पक्षी थिजलेला असतो, म्हणजे ओळखायला सर्वांत उपयोगी गोष्ट आधीच गळालेली. हिवाळ्यात हे सगळे करडे-तपकिरी. म्हणून यापुढे फोटोबरोबर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही पाठवा.

प्रश्न : उजनीच्या काठावर ग्रीन, वूड आणि कॉमन असे तीन सँडपायपर दिसतात. तिघेही तपकिरी, तिघेही शेपूट हलवतात. वेगळे कसे ओळखायचे?

हलवतात तिघेही, पण कॉमन थांबतच नाही. चालताना, उभा असताना, दगडावर उतरल्या उतरल्या त्याचा मागचा भाग वरखाली होत राहतो. शेपूट पंखांच्या टोकांच्या बरीच मागे जाते, त्यामुळे अंग लांबट वाटतं. खांद्यापुढे पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर घुसलेला असतो. ती पाचर दिसली की पुढचं काही तपासू नका. उडतो पाण्याला लगटून, ताठ पंख थरथरवत, मधेच तरंगत.

खरी अडचण उरलेल्या दोघांची. ग्रीन बसकट, पाठ इतकी गडद की दुरून काळा-पांढराच वाटतो. बहुधा एकटा, ओढ्याच्या वळणावर किंवा शेततळ्याच्या कडेला. वूड सडपातळ, पाय लांब आणि पिवळसर, पाठीवर ठळक ठिपके. तो उथळ दलदलीत, भातखाचरात, बऱ्याचदा चार-सहांच्या सोबतीने चरतो. पांढरी भुवई वूडच्या डोळ्यामागेही जाते, ग्रीनची डोळ्यापाशीच संपते.

‘कंबर पांढरी दिसली’ असं अनेक जण कळवतात. ती दोघांचीही पांढरीच, त्यामुळे काही सिद्ध होत नाही. उडताना पंखाखाली बघा : ग्रीनचा तळ काळपट, वूडचा फिकट. वूडचे पाय शेपटीमागे स्पष्ट बाहेर येतात. शिवाय वूड ‘चिफ-इफ-इफ’ असं कोरडं ओरडतो. ग्रीनची शीळ गोड आणि मोकळी.

प्रश्न : लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट दुर्बिणीतूनही सारखेच वाटतात.

पायांचा रंग सांगितला जातो : लिटलचे काळे, टेमिंक्सचे पिवळट. पण चिखलाने माखलेले पाय काळेच दिसतात! लिटल स्टिंट, म्हणजे छोटा टिलवा, उघड्या चिखलावर थव्याने धावतो आणि चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चालवतो. टेमिंक्स गवताच्या कडेने, अंग जमिनीलगत ठेवून, सावकाश सरकतो. दचकला की एकदम उंच उडतो आणि शेपटीच्या कडा शुभ्र दिसतात.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या पुळणीवर केंटिश आणि सँड प्लोव्हर एकत्र असतात. फरक काय?

धावायचं, थबकायचं, टिपायचं ही सगळ्याच चिखल्यांची, म्हणजे प्लोव्हरची, रीत, त्यामुळे इथे चाल कमी कामाची. पाठमोरा पक्षी बघा. केंटिशच्या मानेमागे पांढरी पट्टी असते, सँड प्लोव्हरला नसते. लेसर आणि ग्रेटर सँड प्लोव्हर वेगळे करायचे तर चोच मापा : चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा ती लांब असेल तर ग्रेटर. नोंद करताना एवढं लक्षात असू द्या : २०२३ मध्ये लेसरच्या सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन वेगळ्या जाती झाल्या, आणि आपल्या किनाऱ्यावर येणारे मुख्यतः तिबेटन.

प्रश्न : ठाणे खाडीत गॉडविटचा, म्हणजे लांब चोचीच्या चिखलपक्ष्यांचा, थवा होता. ब्लॅक-टेल्ड की बार-टेल्ड?

चरत असतील तर पाय बघा. ब्लॅक-टेल्ड उंच, चोच जवळजवळ सरळ, पाठ सपाट करडी. बार-टेल्ड बुटका, चोच वर वळलेली, पाठीवर रेषा. चोच पिसांत खुपसून झोपले असतील तर अंदाज बांधत बसू नका, उडेपर्यंत थांबा. ब्लॅक-टेल्डच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा आणि काळी शेपूट लगेच उघडी पडते. बार-टेल्डच्या पंखावर असा पट्टा नसतो. भरती चढू लागली की त्यांना उडावंच लागतं.