टेबलावरच्या युद्धखेळातल्या २८ मिलिमीटर उंचीच्या सामुराई पुतळ्यांसाठी जपानी भूप्रदेशाची मॉडेल्स जमवायची आहेत, सुरुवात कशापासून करू?

किल्ल्यापासून नको, भातखाचरांपासून करा. पातळ एमडीएफचा तुकडा, कडेने पुट्टीचे बांध, आत तपकिरी रंगावर चकचकीत वॉर्निशचे दोन-तीन हात, आणि जुन्या ब्रशच्या केसांची रोपं. अशी चार-पाच खाचरं मांडली की सैन्याला बांधावरून चिंचोळ्या वाटेनं जावं लागतं, आणि खेळाला खरा रंग तिथेच चढतो.

मग दोन शेतघरं. गवताने शाकारलेलं छप्पर चांगलं उतरतं ठेवा. जुना टॉवेल पातळ फेविकॉलमध्ये भिजवून चिकटवा. छप्पर सुटंच हवं, आत माणसं ठेवता आली पाहिजेत. मापासाठी तातामी, म्हणजे जपानी घरात जमिनीवर अंथरतात ती चटई धरा: खरी साधारण १८२ बाय ९१ सेंटीमीटर, या पुतळ्यांना जुळणाऱ्या १:५६ प्रमाणात सुमारे ३२ बाय १६ मिलिमीटर. म्हणजे आठ चटयांची खोली ६५ मिलिमीटरचा चौरस.

बांबूची बेटं आणि एखादी तोरी, म्हणजे शिंतो देवस्थानाच्या प्रवेशाची कमान, नंतर सहज जमते.

किल्ला हवाच असेल तर आधी काळ ठरवा. उंच दगडी तटांचे किल्ले रूढ झाले ते जपानी सरदार ओदा नोबुनागाने १५७६ मध्ये बांधायला घेतलेल्या आझुची किल्ल्यानंतर. त्याआधीची लढाई असेल तर मातीचे उंचवटे, खंदक आणि लाकडी कुंपण करा. ते स्वस्तही पडतं.