अमेरिकन बेसबॉलपटू डॅन्स्बी स्वॉन्सन कॉलेज बेसबॉलमध्ये कोणत्या जागेवर खेळायचा? पुढे त्याचं काय झालं?

आधी सेकंड बेस (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक), मग शॉर्टस्टॉप. जन्म 1994 चा, जॉर्जिया राज्यातल्या केनेसॉचा. शाळा मॅरिएटात, कॉलेज नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट. पहिलं वर्ष बहुतेक दुखापतींतच गेलं. 2014 मध्ये मात्र ओमाहा शहरात व्हर्जिनिया विद्यापीठाला हरवून व्हँडरबिल्ट पहिल्यांदा कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलचं अजिंक्यपद जिंकलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच ठरला.

पुढच्या वर्षी तो शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे आला. इनफिल्डमधली, म्हणजे बेसच्या आसपासच्या मैदानातली ही सगळ्यात अवघड जागा. 2015 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) ॲरिझोनाच्या संघाने त्याला सर्वांत आधी निवडलं, पण डिसेंबरातच जॉर्जियातल्या अटलांटाच्या संघाला देऊन टाकलं. म्हणजे पोरगा घरच्याच संघात आला!

2021 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा शेवटचा क्षण जरूर बघा. जमिनीलगत आलेला चेंडू स्वॉन्सन उचलतो, फर्स्ट बेसवरच्या सहकारी फ्रीमनकडे फेकतो आणि अटलांटा विजेता. त्याच सामन्यात त्याने होम रनही (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला होता. 2022 मध्ये गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर शिकागो कब्स संघाशी सात वर्षांचा, 17 कोटी 70 लाख डॉलरचा करार. बॅटिंगचं सातत्य कमी-जास्त होतं, पण क्षेत्ररक्षण शिकायचं तर याचंच बघावं.