व्यवस्थापन नेटवर्कची दुसरी वाट

प्रश्न : बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात ईएसएक्सआयचे (एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या प्रणालीचे) तीन होस्ट, म्हणजे सर्व्हर, असून त्यांचा एचए क्लस्टर, म्हणजे एक बंद पडल्यास त्याची यंत्रे इतरांवर सुरू करणारा गट, केलेला आहे. व्यवस्थापन नेटवर्कला (होस्टचा कारभार ज्यावरून चालतो त्या नेटवर्कला) पर्यायी मार्ग नाही, असा पिवळा इशारा प्रत्येक होस्टवर दिसतो. सेटिंग बदलून तो दडपता येतो, असे एका परिचितांनी सांगितले. तसे करावे, की आणखी एक केबल जोडावी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : इशारा दडपण्याची सोय व्हीएमवेअरने दिलेली आहे, परंतु होस्टला एकच पोर्ट दिसत असला तरी त्यामागच्या यंत्रणेत दुहेरी मार्ग आधीच आहे, अशा काही ब्लेड सर्व्हरांसाठी (एकाच सामाईक चौकटीत बसवलेल्या सर्व्हरांसाठी) ती शोभते. आपल्याकडे तसे दिसत नाही, तेव्हा केबल जोडावी.

क्लस्टरमधील होस्ट याच नेटवर्कवरून दर सेकंदाला एकमेकांना आपण जिवंत असल्याची खूण देतात. ती थांबली आणि गेटवेकडूनही (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या दाराकडूनही) उत्तर आले नाही, तर होस्ट स्वतःला एकाकी पडलेला समजतो. मग सेटिंग तशी असल्यास, एका निखळलेल्या केबलपायी, धडधाकट चालणारी आभासी यंत्रेही तो बंद करू शकतो.

केबल कुठून कुठे जाते, हे मात्र महत्त्वाचे आहे. एकाच कार्डावरील दोन पोर्टांतून निघून एकाच स्विचमध्ये शिरणाऱ्या दोन केबलींनी इशारा जाईल, धोका फारसा कमी होणार नाही. पोर्ट वेगवेगळ्या कार्डांवरचे घ्यावेत, स्विच दोन असावेत आणि त्यांना वीज वेगवेगळ्या यूपीएसमधून मिळावी. नवतपात यूपीएस कसे दगा देतात, हे नागपूरकरांना सांगायला नको. दोन्ही स्विच एकमेकांशी जोडलेले हवेत आणि व्यवस्थापनाचे व्हीलॅन (स्विचमध्ये आखलेले वेगळे आभासी नेटवर्क) दोन्हीकडच्या पोर्टांवर खुले हवे. चूक बहुधा इथेच होते: दुसऱ्या पोर्टावर व्हीलॅन द्यायचे राहून जाते, दिवा हिरवा असल्याने कुणाला शंका येत नाही, आणि पहिली वाट बंद पडते त्या दिवशी ते उघडकीस येते.

होस्टवर एक पोर्ट सक्रिय आणि दुसरा राखीव ठेवावा. मूळ पोर्ट पूर्ववत झाल्यावर आपोआप त्याकडे परतण्याची सोय, अर्थात फेलबॅक, मी बंद ठेवीन. कारण पुन्हा सुरू होणाऱ्या स्विचचा दिवा आधी लागतो आणि जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचांच्या जाळ्यात वाहतूक गोल फिरू न देणाऱ्या व्यवस्थेत) प्रत्यक्ष वाहतूक सुमारे ३० सेकंदांनी सुरू होते; दिवा पाहून लगेच परतलेला होस्ट तोवर तुटलेला राहतो. पत्त्यांवरून वाहतूक दोन्ही पोर्टांत वाटणारी आयपी हॅशची पद्धत निवडू नये. तिला स्विचवर जोडपोर्ट (अनेक पोर्ट मिळून एक, म्हणजे ईथरचॅनल) करावे लागतात, आणि ते दोन स्वतंत्र साध्या स्विचांवर विभागता येत नाहीत.

जोडणी झाल्यावर प्रत्येक होस्टवर एचएची पुनर्रचना करण्याची आज्ञा द्यावी, अन्यथा काम बरोबर होऊनही इशारा तसाच राहतो आणि माणूस उगाच केबली बदलत बसतो. मग सुटीच्या दिवशी क्लस्टरचे होस्ट मॉनिटरिंग (एचएची होस्टवरील पाळत) थांबवून, पिंग (होस्टकडून उत्तर येते का हे सतत पाहणारी आज्ञा) चालू ठेवून, आधी एकेक केबल काढून पाहावी आणि नंतर एकेक स्विच बंद करून पाहावा. घरी निघण्यापूर्वी मॉनिटरिंग पुन्हा सुरू केल्याची खात्री करावी.